बाबा बंदोबस्तावरून परत येत नाहीत तेव्हा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिक अंकासाठी लेख द्यायचा म्हणजे तो सहकारी बँकांवर नाहीतर जी.एस.टी.वर असणार, अशी आपल्या संपादक मंडळाची समजूत दिसते. मी हा विषय सांगितला तेव्हा, "हे मानसशास्त्रवाल्यांचे क्षेत्र झाले नाही का?" असा प्रश्न आला. असेलही. पण यात हिशेबाचा भागही पुष्कळ आहे, तो पुढे येईलच. हा विषय निवडण्यामागे माझे एक खासगी कारण आहे, ते आधी सांगून टाकतो.

मी पाचवीत असताना माझ्या बाकावर बसणारा मुलगा पोलीस लाइनीत राहत असे. त्याचे वडील हवालदार होते. एका पहाटे नाकाबंदीवर असताना वाळूच्या ट्रकने त्यांना उडवले. शाळेत प्रार्थनेच्या वेळी दोन मिनिटे शांतता पाळण्यात आली आणि तास सुरू झाले. तेराव्यानंतर तो शाळेत आला. डोके भादरलेले, वर लोकरीची टोपी. तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि मी गप्प राहिलो. काय बोलावे ते मला कळेना. दुसऱ्या दिवशी बाईंना मी सांगितले, मला फळा नीट दिसत नाही, जागा बदलून द्या. बाईंनी दिली.

फळा मला चांगला दिसत होता. दहा वर्षे ही गोष्ट मनात आहे. अशा मुलांशी कसे वागावे याची माहिती मी जमवू लागलो ती त्यामुळेच.

दरवर्षी २१ ऑक्टोबरला देशभर पोलीस स्मृतिदिन पाळला जातो. आपल्याकडच्या कवायतीच्या मैदानावर फलक लागतो त्यावर 'पोलीस हुतात्मर दिन' असे कन्नडमध्ये लिहिलेले असते. १९५९ साली याच दिवशी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैनिकांच्या गोळीबारात दहा भारतीय पोलीस ठार झाले. त्यांचे देह मिळायला तीन आठवडे लागले. दिल्लीत चाणक्यपुरीला राष्ट्रीय पोलीस स्मारक झाले ते २०१८ साली. तेथील भिंतीवर स्वातंत्र्यानंतर कर्तव्यावर मृत्यू आलेल्या पोलिसांची नावे कोरली आहेत, आणि उद्घाटनाच्या वेळीच त्यांची संख्या ३४,००० हून अधिक होती. महाराष्ट्रापुरते पाहिले तरी गडचिरोलीत लाहेरीजवळ ८ ऑक्टोबर २००९ रोजी १७ पोलीस गेले आणि जांभूळखेड्याजवळ १ मे २०१९ रोजी सुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस व त्यांच्या गाडीचा चालक गेला. भिंतीवर पोलिसाचे नाव असते. त्याच्या घरी किती मुले होती आणि ती किती वर्षांची होती, हे कोठे कोरलेले नसते. आता त्या मुलांकडे वळू.

मूल मृत्यू कसा समजून घेते याचा एक जुना अभ्यास मारिया नागी या हंगेरियन बाईंनी केला. बुडापेस्टमधील तीन ते दहा वर्षांच्या मुलांशी बोलून, त्यांची चित्रे पाहून त्यांनी १९४८ साली तो प्रसिद्ध केला. पाच वर्षांखालच्या मुलाला मृत्यू हा प्रवास किंवा झोप यांसारखा वाटतो, म्हणजे गेलेला माणूस परत येऊ शकतो. पाच ते नऊ या वयात मरण खरे आहे हे कळते, पण ते कोणीतरी बाहेरून येऊन नेणारे असते, युक्तीने चुकवता येणारे. मरण सर्वांना आहे आणि त्यातून परत येणे नाही, ही समज साधारण नवव्या-दहाव्या वर्षी येते. पुढच्या संशोधकांना इतर देशांत 'नेणारा कोणीतरी' फारसा आढळला नाही, आणि वयाची ही कुंपणे इतकी पक्कीही नसतात. तथापि लहान मुलाला 'कायमचे' हा शब्द कळत नाही, एवढे सर्वांना मान्य आहे.

आता आपण मोठी माणसे काय करतो ते पाहा. माझ्या या मित्राची बहीण त्या वेळी चार वर्षांची होती. आजी मराठी बोलणारी, आई कन्नड. ती पोर दोन्ही भाषांत बोले. ती सारखी विचारायची, "अप्पा यावाग बर्तान?" म्हणजे अप्पा केव्हा येणार. मावशी म्हणायची, "ऊरिगे होग्यान", गावाला गेलाय. आजी म्हणायची, "ड्युटीवर गेलाय गं." कोणी 'देवाघरी गेले' म्हणे, कोणी 'झोपले' म्हणे. सगळे प्रेमापोटीच. पण पोलिसाच्या मुलाच्या बाबतीत 'ड्युटीवर गेलेत' हे उत्तर फार घातक असते. दुसऱ्या कोणत्याही घरात वडील आठ-आठ दिवस नसले तर ती मोठी गोष्ट असते. पोलिसाच्या घरात ते नेहमीचेच. गणपतीत नसतात, निवडणुकीत नसतात, डिसेंबरात सुवर्ण विधानसौधला अधिवेशन भरले की दिसतसुद्धा नाहीत. तेव्हा हा आणखी एक लांबलेला बंदोबस्त आहे असे मुलाला वाटले तर नवल नाही. ती मुलगी कित्येक महिने रात्री चपलांच्या फळीजवळ जाऊन बूट आले का ते बघत असे. बूट दिसत नाहीत म्हणजे अप्पा आपल्यावर रागावून येत नाहीत, असा तिने अर्थ लावला. 'झोपले' म्हटलेली मुले झोपायला घाबरू लागतात, हेही वारंवार आढळले आहे.

म्हणून जाणकार सांगतात की मुलाला 'मेले' हा शब्द सांगावा. अगदी साध्या वाक्यांत सांगावा: ट्रकचा धक्का लागला, अप्पांचे शरीर फार दुखावले, डॉक्टरांनाही बरे करता आले नाही, अप्पा मेले. मेलेल्या माणसाला दुखत नाही, भूक लागत नाही, त्याला परत येता येत नाही. तुझ्या कोणत्याही खोडीमुळे हे झालेले नाही. हे शेवटचे वाक्य मुलाने विचारले नाही तरी सांगायचे, कारण लहान मूल सगळ्या घडामोडी स्वतःभोवती फिरवते, आणि आदल्या रात्री वडिलांशी भांडण झाले असेल तर ते मनात धरून बसते. पुन्हा पुन्हा विचारील. पुन्हा पुन्हा तेच उत्तर द्यायचे. आपल्या घरांत 'मेले' हा शब्द अशुभ मानतात, त्यामुळे हे लिहायला सोपे आणि आजीला सांगायला अवघड आहे, याची मला कल्पना आहे.

आणखी एक गोष्ट वाचण्याआधी मला ठाऊक नव्हती. मूल सतत दुःखात राहत नाही. दहा मिनिटे रडते, मग लगोरी खेळायला जाते, रात्री अंथरुणात पुन्हा रडते. "याला काही वाटत नाही बघा" असे शेजारी म्हणतात. त्याला वाटते, पण एका वेळी जेवढे पेलते तेवढेच ते उचलते. शिवाय ते वाढत जाते तसे त्याला तेच मरण नव्याने समजत जाते. चार वर्षांच्या मुलीला दहाव्या वर्षी आणि पुढे लग्नाच्या वेळीही ते नव्याने कळते. तेव्हा "आता इतकी वर्षे झाली" या म्हणण्याला अर्थ नाही.

कर्तव्यावरच्या मृत्यूत एक वेगळेपण असते. ते मरण सार्वजनिक होते. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी, बिगूल, हवेत झाडलेल्या फैरी, मंत्री, कॅमेरे. पाच वर्षांच्या मुलाच्या कानाशी अचानक बंदुका वाजतात आणि लगेच त्याच्या हातात अग्नी देण्यासाठी काहीतरी देतात. मानवंदनेला माझा विरोध नाही. मोठेपणी अनेक मुलांना त्याच आठवणीचा आधार वाटतो. पण आधी कोणीतरी घरच्या माणसाने मुलाला बाजूला घेऊन आता काय काय होणार ते सांगायला हवे: बंदुकांचा मोठा आवाज होईल, कोणाला गोळी लागणार नाही, अप्पांना सलाम करण्यासाठी तो आवाज आहे, तुला नको असेल तर तू काकांबरोबर मागे उभा राहा. तेवढ्याने पुष्कळ फरक पडतो. सगळा विधी होईपर्यंत फक्त मुलाकडे लक्ष ठेवणारा एक माणूस नेमावा. आईला त्या दिवशी ते जमणे शक्य नसते.

शिवाय आजकाल मोबाइलवर त्या घटनेचे चित्रण फिरते ते वेगळेच. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात ज्यांचे वडील गेले त्या मुलांना ती दृश्ये दरवर्षी दूरदर्शनवर दिसत राहिली. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर कसाबची बंदूक छातीशी धरून ठेवली म्हणून तो जिवंत सापडला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले, हे आपण सर्व अभिमानाने सांगतो. तो खटला मात्र विशेष न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत चालला आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला फाशी झाल्यावर संपला. चार वर्षे, प्रत्येक तारखेला वर्तमानपत्रात पुन्हा तेच. इतर मुले आपल्या वडिलांना घरात आठवतात. या मुलांना ते पहिल्या पानावर भेटतात.

यातून 'वीराचा मुलगा' हे ओझे येते. वडील वीर म्हटल्यावर त्यांच्यावर रागावायचे कसे? आणि राग तर येतोच. मलाच टाकून का गेले, दुसऱ्या कोणाला का पाठवले नाही, असे मूल मनात म्हणते आणि मग तसे म्हटल्याबद्दल झुरते. गणितात नापास झाला तर "अरे, तू कोणाचा मुलगा!" हे ऐकावे लागते. उलट बाजूही आहे. गोळीने गेलेला हुतात्मा, मग ट्रकखाली गेलेला कोण? २०२०-२१ मध्ये बंदोबस्त करताना कोरोना होऊन गेलेला कोण? त्या मुलांना तर वडिलांचा चेहराही नीट पाहायला मिळाला नाही. माझ्या मित्राने सातवीत एकदा वर्गात विचारले होते, "सर, माझे बाबा शहीद काय?" सर क्षणभर थांबले आणि धडा पुढे वाचू लागले. सरांना मी दोष देत नाही; ते माझ्यासारखेच गोंधळले होते.

येथे माझ्या शाखेचा भाग सुरू होतो, कारण हा भेद कागदावरही उतरतो. राष्ट्रीय संरक्षण निधीतून पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना चालते. २०१९ साली ती राज्य पोलिसांच्या मुलांनाही लागू झाली, वर्षाला ५०० जणांसाठी. मुलाला दरमहा रु. २,५०० व मुलीला रु. ३,०००. पण दहशतवादी किंवा नक्षलवादी हल्ल्यात गेलेल्यांच्याच मुलांना. वाळूचा ट्रक त्यात बसत नाही. मित्राच्या घरासाठी मार्ग होता तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा. अशा दाव्यात भरपाई मिळाली की अज्ञान मुलांचा वाटा बहुधा राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवण्याचा आदेश होतो आणि तो सज्ञान झाल्यावर मिळतो. हे आईला कोणी नीट समजावून सांगितले नाही तर "माझ्या पोरांचे पैसे अडकवले" असे तिला वाटत राहते.

त्याहून अवघड भाग घरातल्या घरात असतो. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र नसताना पत्नी, मुले आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. म्हणजे मित्राच्या घरी आजी, आई, तो आणि बहीण असे चार वाटे. बँकेच्या ठेवीवर नामनिर्देशन कोणा एकाचे असले तरी त्याने रक्कम वारसांच्या वतीने घ्यायची असते. मालकी त्याची होत नाही. कुटुंब निवृत्तिवेतन मात्र वारसाहक्कात मोडत नाही, ते प्रथम पत्नीला मिळते. हे दोन नियम वेगळे आहेत हे न कळल्यामुळे आजी आणि आई एकमेकींशी सहा महिने बोलत नव्हत्या. मुलांचे वडील गेले होते, आणि घरात जी दोन मोठी माणसे उरली होती त्यांनी अबोला धरला होता. अज्ञान मुलाच्या नावावरची जमीन न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्याच्या पालकाला विकता येत नाही, हेही १९५६ च्याच दुसऱ्या कायद्यात आहे. काका-मामांनी घाई केली तर आईने हे लक्षात ठेवावे. शिवाय मृत्यूचा दाखला, वंशवृक्षाचा दाखला, कन्नड अर्ज, त्यांच्या प्रती. आणि ठराविक मुदतीनंतर लाइनीतले घर सोडायचे. वडिलांपाठोपाठ मुलाचे अंगण, खेळगडी आणि कधी शाळाही जाते.

मुलांविषयीच्या लेखात कागदपत्रे कशाला, असे कोणाला वाटेल. त्याचे उत्तर अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात आहे. बोस्टन परिसरातील ७० कुटुंबांतील १२५ मुलांचा, आई किंवा वडील गेल्यानंतर दोन वर्षे, विल्यम वर्डेन आणि फिलिस सिल्व्हरमन यांनी पाठपुरावा केला. दोन वर्षांनी सुमारे पाचांत एका मुलाला गंभीर अडचणी होत्या. बाकीची हळूहळू सावरत होती. आणि मूल कसे सावरते हे सर्वांत अधिक कशावर अवलंबून असते, तर उरलेला पालक कसा उभा राहतो यावर. मग तहसील कचेरीत आईबरोबर रांगेत उभा राहणारा पुतण्या मुलांच्याच सांत्वनाचे काम करीत असतो, असे मी म्हणेन. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला हे काम येते. निदान यायला हवे.

अमेरिकेत १९८४ पासून 'कन्सर्न्स ऑफ पोलीस सर्व्हायव्हर्स' नावाची संस्था आहे. कर्तव्यावर गेलेल्या पोलिसांच्या कुटुंबांनीच ती चालवली आहे. ती उन्हाळ्यात मुलांचे शिबिर घेते, त्यात मूल उरलेल्या पालकासह येते. पोहणे, गिर्यारोहण, खेळ, आणि मध्ये बोलणे. तेथे प्रत्येक मुलाचे वडील किंवा आई तशीच गेलेली असते, त्यामुळे कोणालाच काही समजावून सांगावे लागत नाही. तिकडे अशा मुलाच्या शाळेच्या पहिल्या दिवशी वडिलांचे सहकारी गणवेशात त्याला सोडायला जातात, अशा बातम्याही येतात. आपल्याकडे शिबिर नसेल, पण लाइन आहे, ठाणे आहे, सहकारी आहेत. पहिले पंधरा दिवस ते सगळे येतात. पहिल्या वर्षश्राद्धानंतर कोण येते, हा खरा प्रश्न आहे.

महाविद्यालयात येईपर्यंत ही मुले मोठी झालेली असतात आणि त्यांना कोणी मूल म्हणत नाही. मुलाला तेराव्यालाच सांगितलेले असते, "आता तूच घरचा कर्ता." दहा वर्षांच्या पोराला! मुलीला कोणी काही सांगत नाही, ती आपोआप स्वयंपाकघरात जाते. प्राध्यापकांना एवढीच विनंती की असा विद्यार्थी स्मृतिदिनाच्या किंवा वडिलांच्या तिथीच्या सुमारास गैरहजर राहिला, मागच्या बाकावर गेला, एकाएकी भांडू लागला, तर हजेरीपटापलीकडे एकदा विचारावे. वर्गासमोर नको, बाजूला घेऊन. झोप-जेवण तुटले, जगणेच नको असे बोलू लागला, तर वाट पाहू नये. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट आणि आपापल्या भाषेत. धारवाडचे मानसिक आरोग्य रुग्णालय आपल्यापासून दोन तासांवर आहे. आणि बाकावरच्या मित्राने काय बोलावे? वडिलांचे नाव घ्यावे. "तुझे बाबा कसे होते रे?" असे विचारावे. त्याला रडू आले तर आपण काही बिघडवले असे नाही.

माझा तो मित्र आज आपल्याच महाविद्यालयात आहे. त्याच्या परवानगीने हे लिहीत आहे. अठरा पूर्ण झाल्यावर त्याने अनुकंपा नियुक्तीसाठी अर्ज केला. आईचे शिक्षण सातवीपर्यंत, म्हणून जागा त्याच्यासाठी राखली होती. ही नोकरी वारसाहक्काने मिळत नसते. घरावर आलेल्या संकटातून तगून जाण्यापुरती ती सवलत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली स्पष्ट केले आहे. त्यामुळे मुदत चुकवून चालत नाही. अर्ज कन्नडमध्ये होता. आम्ही दोघे मराठी शाळेतले. भाषा दोघांनाही येते, पण सरकारी कन्नड काही निराळेच. आम्ही वाचनालयाच्या पायरीवर बसून शब्द लावत होतो. मध्येच त्याने कागदावरून नजर न उचलता विचारले, "पाचवीत बाक का बदललेलास रे तू?"

मी खरे ते सांगितले. तो म्हणाला, "मला वाटलेलं, टोपीचा वास येत होता म्हणून." आणि पुढचा रकाना वाचू लागला.

नियुक्तीचा आदेश अजून आलेला नाही. आला तर बी.कॉम. अर्धे सोडायचे का, हे त्याचे ठरलेले नाही. आजीचे म्हणणे, घरात पुन्हा खाकी नको. आई काही बोलत नाही. बहीण आता नववीत आहे. तिला वडिलांचे फक्त बूट आठवतात. दर दिवाळीला त्यांच्या ठाण्यातले एक हवालदार कुंदा घेऊन घरी येतात, दहा वर्षांत एकदाही चुकलेले नाहीत. यंदा तिने त्यांना विचारले, "काका, अप्पा ड्युटीवर असताना काय करायचे हो?" ते हसले. म्हणाले, "काय करणार, रात्री दोन वाजता चहा मागायचा आणि तुझे बोबडे बोल आम्हाला करून दाखवायचा." तिने ते बोल कोणते, असे विचारले. त्यांनी करून दाखवले. त्या रात्री ते साडेअकरापर्यंत बसले होते.